बिया काढलेलं सीताफळ

मला किळस फार लवकर येते. बाकीच्यांना राग येतो, रडू येतं, झोप येते. मला किळस येते. बोटाला थुंकी लावून कागद उलटणारा माणूस समोर बसला की त्याच्या बोलण्याकडं माझं लक्ष राहत नाही. पंगतीत वाढप्याचा अंगठा आमटीत बुडलेला दिसला की माझं जेवण तिथंच संपतं. एकाच बादलीत पंधरा ग्लास विसळणारे, नाक शिंकरून हात शर्टाला पुसणारे आणि त्याच हातानं प्रसाद वाटणारे, अशांपासून मी आयुष्यभर लांब पळत आलोय. पलूसजवळच्या आमच्या गावात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, मग तो कुठल्याही हुद्द्यावरून आलेला असो. मी मेसमध्ये स्वयंपाकी होतो, तरी मेजरच. ‘मेजरच्या घरात पाणी प्यायचं तर आदी नखं दाखवावी लागत्यात,’ अशी माझी चेष्टा पारावर अजून चालते. मला तिचं वाईट वाटत नाही. नखं दाखवायलाच पाहिजेत.

बावीस वर्षं मी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये काढली. तिथं साहेब लोक पातेल्याच्या बुडाखालून पांढरा रुमाल फिरवून बघायचे आणि रुमालावर डाग दिसला तर आमची रजा कापायचे. बाकीचे स्वयंपाकी साहेबांना मागून शिव्या द्यायचे. मला मात्र वाटायचं, अखेर आपल्यासारखा विचार करणारी माणसं भेटली. तिथंच मी थरांचं पुडिंग शिकलो. काचेच्या ग्लासात खाली बिस्किटांचा चुरा, त्यावर कस्टर्ड, त्यावर फळांचा गर, त्यावर साय आणि शेवटी डाळिंबाचे दाणे. काचेतून प्रत्येक थर वेगळा दिसला पाहिजे, एक थर दुसऱ्यात मिसळला की ते पुडिंग नाही, उष्टं आहे, असं मला शिकवणारा उस्ताद म्हणायचा. पेन्शनवर घरी आल्यावर दरवर्षी सीताफळं आली की मी ते करतो, एकटा, स्वयंपाकघराचं दार लावून.

आता जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. माझ्या लेकीची लेक अकरा वर्षांची आहे. लेक फलटणला असते, जावई साखर कारखान्यात आहे. नात जन्मली तेव्हा तिला श्वास घ्यायला उशीर झाला आणि त्याचा परिणाम तोंडाभोवतीच्या आणि हातांच्या स्नायूंवर राहिला. डोकं एकदम तल्लख, गणितात वर्गात पहिली, पण बोलताना शब्द जड येतात, हात सावकाश चालतात आणि तोंडातून लाळ गळत राहते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की वय वाढेल तशी ती थोडी कमी होईल, पूर्ण थांबेल असं नाही. माझी बायको जुन्या सुती साड्यांचे तुकडे शिवून तिच्या गळ्यात बांधते, आणि दिवसातून चार-पाच वेळा ते बदलते.

मला तिची किळस यायची. स्वतःच्या नातीची. मी तिला कधी मांडीवर घेऊन भरवलं नाही. जेवायला बसताना ती माझ्या समोर येणार नाही, ओळीत बाजूला येईल, अशा बेतानं मी ताटं मांडायचो. तिनं चॉकलेट अर्धं करून पुढं केलं तर ‘मला शुगर हाय’ म्हणून सांगायचो, आणि मला शुगर नाही. मी तिला कधी रागावलो नाही, उलट तिच्याशी सगळ्यांत मऊ आवाजात बोलायचो. त्या मऊ आवाजामुळं माझं पोटातलं कुणाला कळत नसेल अशी माझी ठाम समजूत होती.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. लेकीनं नातीला आठ दिवस आधीच आणून सोडलं होतं, आणि पुण्याहून मुलगा-सून दोन नातवांना घेऊन आले होते. थोरला दहाचा, धाकटा सातचा. शेजारी बागवान कुटुंब राहतं, त्यांचा फळांचा व्यापार. त्यांच्या दोघी मुली सुट्टीत आमच्याच अंगणात असतात. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी त्यांच्या वडिलांनी सीताफळांची एक पाटी पाठवली. सगळी एकदम डोळे उघडून बसलेली, हात लावला तर फुटतील अशी. उद्या नाही केलं तर परवा फेकून द्यावी लागतील हे मला बघूनच कळलं. सुनेनं सुचवलं की मुलं सारखी मोबाइलमध्ये तोंड घालून बसलीत, तर उद्या सकाळी त्यांच्याकडूनच पुडिंग करून घ्या. पाच मुलं, दहा हात आणि सीताफळ. पण सुनेला नाही म्हणायची मला सवय नाही.

संध्याकाळी बायको माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज ऐकूनच नातीसाठी काहीतरी मागायला आलीय हे कळलं.

“आवं, पोरीनं मला सांगितलंय,” ती म्हणाली. “एक ग्लास ती एकटी करणार हाय, कुणाला हात लावू देणार न्हाई. तो तुमच्यासाठी हाय. तेवढा खावा. दुसरं काय मागत न्हाई ती.”

मी ‘बघू’ म्हणालो. ‘बघू’ म्हणजे काय हे बायकोला चाळीस वर्षांत चांगलं माहीत झालंय. ती उठून गेली.

सकाळी मी अंगणात पाचही जणांची रांग लावली. हात पुढं, तळवे खाली. धाकट्याच्या नखांत फटाक्याची दारू, थोरल्याच्या बोटांना कसलं तरी चिकट सरबत. कोपरापर्यंत साबण लावून धुवून घेतलं, पुन्हा तपासलं, पुन्हा धुवायला पाठवलं. एवढं करून थोरल्यानं परत येता येता कान खाजवला. धाकटा नाक वर ओढत होता, आणि प्रत्येक वेळी तो आवाज आला की माझ्या अंगावर काटा येत होता. बिस्किटं कुटायला दिली तर चुरा कमी आणि तोंडात जास्त. बागवानांची थोरली मात्र कामाची. फळांच्या घरातली पोर, डाळिंब आडवं कापून पालथं धरलं आणि पळीनं चार टोले मारले की दाणे खाली, एकही फुटलेला नाही. तिला बघून मला जरा बरं वाटलं.

मग सीताफळ. बायकोनं चाळणी आणून दिली, गर चाळणीवर घासा, दोन मिनिटांत बिया निघतील म्हणाली. मी ऐकलं नाही. चाळणीवर घासलं की सीताफळाचा रवाळपणा मरतो आणि उरते ती नुसती खळ. मेसमध्ये आम्ही एकेक पाकळी दोन चमच्यांनी उलगडून बी काढायचो. तसंच करायचं, असं मी मुलांना सांगितलं. करूनही दाखवलं. प्रत्येकाला एक स्टीलचा वाडगा, दोन चमचे आणि बियांसाठी एक ताटली दिली. पाचही वाडगे वेगळे ठेवले, कारण एकानं घाण केली तर बाकीचं वाचलं पाहिजे. नात सगळ्यांच्या शेवटी बसली होती. तिनं वाडगा जवळ न घेता पाटावर असा लांब ठेवला होता की तिचा हात जेमतेम पुरत होता. मी मनातल्या मनात चिडलो. आधीच हात सावकाश, त्यात वाडगा एवढा लांब कशाला.

सीताफळ तापवलं की कडू होतं. त्यामुळं दूध आधी आटवून पूर्ण गार करावं लागतं. मी आत गेलो. दूध गॅसवरून उतरवून परातीत ओतलं, पंख्याखाली हलवत बसलो, मग कस्टर्डमध्ये गुठळ्या झाल्या होत्या त्या मोडल्या. वीस-पंचवीस मिनिटं सहज गेली असतील. बाहेरून मुलांच्या हसण्याचा आवाज येत होता. काम करताना हसतात म्हणजे कामात लक्ष नाही, असं मला वाटत होतं.

बाहेर आलो तर बघतच राहिलो. चार वाडगे काठोकाठ भरलेले. गर कसा, एकसारखा, पांढराशुभ्र, त्यात एक बी नाही, बियांचे तुकडे नाहीत. मेसमध्ये शिकाऊ पोरांना हे काम वर्षभरात जमायचं नाही. मी थोरल्या नातवाची पाठ थोपटली. ‘असं काम पायजे,’ म्हणालो. धाकटा खुदकन हसला आणि बागवानांच्या धाकटीनं त्याला कोपर मारलं. मला वाटलं, कौतुकानं लाजली पोरं.

पाचव्या वाडग्यात सात-आठ पाकळ्या होत्या. नात मान खाली घालून एका पाकळीवर चमचा धरून बसली होती. गळ्यातलं फडकं छातीपर्यंत ओलं झालेलं, आणि हनुवटीवर एक थेंब लोंबत होता. तो थेंब मी बघितला. वाडग्यात पडताना बघितला नाही. बघायची मला गरजच वाटली नाही.

मी तिचा वाडगा उचलला, म्हशीच्या खरकट्याच्या बादलीत पालथा केला आणि आतून चमचा फिरवून स्वच्छ निपटला. मग मी माझ्या त्या मऊ आवाजात तिला म्हणालो की तुझं काम झालं, तू आता दारात बसून आईची गाडी येते का बघ. ती उठली. फडक्यानं तोंड पुसलं आणि दाराकडं गेली. मला हलकं वाटलं. एवढं अवघड काम कुणाला न दुखवता उरकलं, असंही वाटलं, हे लिहिताना आज माझी मलाच शिसारी येते.

ग्लास मी स्वतः भरले. चुरा, कस्टर्ड, आटवलेल्या दुधात कालवलेला गर, साय, दाणे. थर काचेतून असे दिसत होते की उस्तादानं बघितले असते तर एक शब्द काढला नसता. दुपारी लेक-जावई आले. नातीनं दोन्ही मामेभावांना ओवाळलं, ताम्हन तिच्या हातात हलत होतं म्हणून माझ्या बायकोनं खालून आधार दिला. जेवणं झाली आणि मग पुडिंग. जावई सहसा काही बोलत नाही, तोही म्हणाला की असं हॉटेलातसुद्धा मिळत नाही. मी एक ग्लास संपवला, दुसरा घेतला. तोंडात गराचा रवा लागत होता, दाणे फुटत होते, साय विरघळत होती. नात माझ्याकडं बघत होती, एकेक चमचा तोंडात जाईपर्यंत. स्वतःच्या ग्लासाला तिनं हात लावला नव्हता. वाडगा टाकला त्याचा रुसवा असेल असं मी धरून चाललो आणि तिच्याकडं न बघता दुसरा ग्लासही चाटूनपुसून संपवला.

चारच्या सुमाराला मी पाटीत उरलेली सीताफळं बघत होतो. बरीच फुटली होती, दोन तेवढी धड होती. धाकटा नातू माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला.

“आबा, अजून करायचंय का? बिया मी काढतो. मला आता भारी जमतं.”

असं म्हणून त्यानं फुटलेल्या फळातली एक पाकळी उचलून तोंडात टाकली. जिभेनं काहीतरी फिरवलं, ओठ चंबू केले, काळी बी तळहातावर थुंकली आणि मग तोंड उघडून पांढरा गर अलगद दुसऱ्या हातात सोडला. त्यावर त्याची लाळ चमकत होती. तो हात त्यानं कौतुकानं माझ्यापुढं धरला.

मी त्याला विचारलं की सकाळी सगळं असंच काढलं का. तो हो म्हणाला. दादानं सुरू केलं, मग सगळ्यांनी. चमच्यानं एक निघेपर्यंत तोंडानं सहा निघतात म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, “ताईनं नाही काढल्या तशा. ती म्हणाली, आबांना चालणार नाही. ती एकटीच चमच्यानं करत बसली.”

मी मोरीत गेलो. घशात बोटं घातली आणि दोन ग्लास पुडिंग बाहेर काढलं. थर वगैरे काही राहिले नव्हते. मग चुळा भरल्या, किती ते मोजलं नाही, दात घासले, जीभ घासली, पुन्हा चुळा भरल्या. चार पोरांच्या तोंडातनं आलेलं मी चाटूनपुसून खाल्लं होतं. शेंबूड ओढणाऱ्या त्या धाकट्याच्या तोंडातलंसुद्धा. आठवलं की पुन्हा उबळ यायची. पोटात काही उरलं नाही तरी किळस जाईना. भिंतीला हात टेकून मी उभा राहिलो आणि मग मला कळलं की आता ती पुडिंगची राहिलेली नाही.

त्या सगळ्या अंगणात स्वच्छ वाडगा एकच होता. तो लांब ठेवला होता तोही त्याच्यासाठीच, की थेंब पडला तर पाटावर पडावा, गरात पडू नये. वीस मिनिटं हात ताणून तिनं सात-आठ पाकळ्या केल्या होत्या, माझ्या ग्लासासाठी. मी उस्तादाच्या हाताखाली शिकलेला माणूस, चार उष्टे वाडगे बघून पाठ थोपटली आणि जो खरा स्वच्छ होता तो चमचा फिरवून म्हशीला घातला. मला वाडग्यातली घाण दिसत नव्हती, हे उघड झालं होतं. मला माणूस बघूनच घाण दिसत होती. असल्या नाकाचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला होता.

ती मागच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. इतक्या जवळ मी कधी बसत नाही, म्हणून ती जरा सरकली, जागा द्यायला. मी तिला विचारलं, “मला तवाच का सांगितलं न्हाईस?”

तिला एक वाक्य जुळवायला वेळ लागतो. मी थांबलो.

“सांगितलं असतं तर तुमी सगळ्यांचंच फेकलं असतं,” ती म्हणाली. “मग आईला, मामाला काय उरलं नसतं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मेसमधला जाणता हवालदार माणसं किती आणि जिन्नस किती याचा हिशोब सांगतो, तसं सांगितलं तिनं. घरात माणसं जेवायला होती, तेव्हा स्वतःचा वाडगा जाऊ दिला. मी म्हणालो, दोन सीताफळं धड हायत, मला करून दे.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग उठली, न सांगता कोपरापर्यंत हात धुतले, आणि हात पालथे करून नखं मला दाखवली. ते बघून मला तिथनं उठून जावंसं वाटलं. पण मी बसून राहिलो. बिस्किटं संपली होती, कस्टर्ड संपलं होतं, साय संपली होती. थर असे काही होणारच नव्हते, नुसता गर. तिनं वाडगा पुन्हा लांब ठेवला, मी तो जवळ सरकवला, तिनं परत लांब केला. पाकळी उलगडायची, चमच्याच्या कडेनं बी सोडवायची, ती निसटली की पुन्हा धरायची. ऊन भिंतीवर चढत गेलं तरी दहाच पाकळ्या झाल्या होत्या. बायको एकदा दारात येऊन बघून गेली आणि आत कुणालातरी तिनं गप्प राहायला सांगितलं.

किळस गेली होती असं मी म्हणणार नाही. तिच्या हनुवटीवर थेंब जमला की माझं पोट आजही आधी आक्रसतं, तेव्हाही आक्रसलं. इतक्या वर्षांचं ते एका दुपारीत जात नाही, आणि गेलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण ते माझं पोट होतं, त्यात तिचा काही संबंध नव्हता, एवढं त्या पायरीवर मला पहिल्यांदा कळत होतं.

शेवटी तिनं चमचा भरला. मला वाटलं वाडगा माझ्या हातात देईल, पण तिनं चमचाच माझ्या तोंडाजवळ आणला. मी तोंड उघडलं, तेव्हा बघितलं की तिनं दुसऱ्या हातानं स्वतःचं तोंड घट्ट झाकून धरलंय, माझं खाणं होईपर्यंत मला ते दिसू नये म्हणून.

“हात काढ गं,” मी म्हणालो.

तिनं काढला नाही.